मॅकेन कुटुंबाच्या तीन पिढ्यांवर लिहिताना

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या मॅकेन कुटुंबात आजोबा आणि वडील नौदलात अ‍ॅडमिरल, नातू युद्धकैदी आणि पुढे सेनेटर. या घराण्याची लष्करी आणि राजकीय कामगिरी नेमकी काय, त्यात वशिल्याचा भाग किती, आणि यावर मराठीत लेख लिहायचा तर कुठे घसरायला होतं?

पहिली घसरण नावापाशीच होते. तिघांचंही नाव जॉन सिडनी मॅकेन. आजोबा (१८८४–१९४५) नौदलात ‘स्ल्यू’ म्हणून ओळखले जात, वडील (१९११–१९८१) ‘जॅक’ आणि सेनेटर (१९३६–२०१८) नुसते जॉन. सेनेटरांचा नौदलात गेलेला मुलगाही जॅकच. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘अ‍ॅडमिरल मॅकेन’ दिसलं की आधी साल पाहा. १९४५ पर्यंत स्ल्यू, त्यानंतर जॅक. सेनेटर मॅकेन कधीच अ‍ॅडमिरल नव्हते. ते १९८१ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. नौदलातला कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो, लष्करातल्या कॅप्टनच्या नव्हे. बातम्यांच्या अनुवादात ही गल्लत हमखास होते आणि अनुभवी अधिकारी एकदम कनिष्ठ वाटायला लागतो.

आता मुळाकडे. हे कुटुंब मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल परगण्यातलं, टिओक नावाच्या कापसाच्या मळ्याचं. सेनेटरांचे खापरपणजोबा विल्यम अलेक्झांडर मॅकेन या मळ्याचे मालक. १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या यादीत त्यांच्या नावावर ५२ माणसं आहेत. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या बाजूने लढले आणि १८६३ मध्ये वारले. त्या ५२ जणांचे वंशजही मॅकेन हेच आडनाव लावतात. ‘देशसेवेची परंपरा’ लिहिताना ही बाजू गाळणं सोपं असतं, पण गाळू नये. सेनेटरांच्या राजकारणात ती प्रत्यक्ष येऊन आदळली. २००० मधल्या अध्यक्षपदासाठीच्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर फडकणाऱ्या दक्षिणेच्या झेंड्याबद्दल त्यांनी गुळमुळीत भूमिका घेतली आणि हरल्यावर, मतांसाठी तसं केलं, असं कबूल करून माफी मागितली. उलट टोकाला, हे कुटुंब स्कॉटलंडच्या रॉबर्ट द ब्रूस राजाचं वंशज असल्याची घरगुती कथा आहे. वंशावळीच्या अभ्यासकांनी ती मान्य केलेली नाही. ती सोडून द्या.

नौदलाआधी हे घराणं भूदलाचं होतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. स्ल्यूचे काका हेन्री पिंकनी मॅकेन १९१४ ते १९१८ या काळात भूदलाचे अ‍ॅडज्युटंट जनरल होते, म्हणजे सगळ्या मनुष्यबळाचे कागद त्यांच्या खात्यातून जायचे. मिसिसिपीतला ‘कॅम्प मॅकेन’ हा तळ त्यांच्या नावाचा आहे, अ‍ॅडमिरलांच्या नव्हे. अ‍ॅडमिरलांच्या नावाचं ते मेरिडियनच्या नौदल विमानतळावरचं ‘मॅकेन फील्ड’. स्ल्यूचा थोरला भाऊ वेस्ट पॉइंटच्या भूदल अकादमीतून घोडदळात गेला आणि ब्रिगेडियर जनरल झाला. स्ल्यूलाही तिकडेच जायचं होतं. सराव म्हणून त्याने अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीची परीक्षा दिली, पास झाला आणि तिथेच गेला.

अकादमीतले निकाल पाहिले की वशिल्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं. स्ल्यू १९०६ च्या तुकडीत ११६ पैकी ७९ वा, जॅक १९३१ मध्ये ४४१ पैकी ४२३ वा आणि जॉन १९५८ मध्ये ८९९ पैकी ८९४ वा. म्हणजे पिढी दर पिढी घसरण. हा क्रमांक नुसता शोभेचा नसतो. त्यावर तुकडीतली ज्येष्ठता ठरायची, आणि एकाच दिवशी बढतीला पात्र होणाऱ्यांत तीच पुढे-मागे करायची. त्यामुळे तळाचा कॅडेट पुढे अ‍ॅडमिरल होतो तेव्हा मधल्या काळात युद्धातली कामगिरी किंवा नेमक्या जागी झालेली नेमणूक, यांपैकी काहीतरी घडलेलं असतं. स्ल्यू आणि जॅकच्या बाबतीत दोन्ही घडलं.

स्ल्यूची कारकीर्द नीट समजायची तर १९२६ चा एक कायदा माहीत हवा. विमानवाहू जहाजं आणि नौदलाचे हवाई तळ यांचं नेतृत्व वैमानिक (किंवा हवाई निरीक्षक) म्हणून पात्र असलेल्या अधिकाऱ्याकडेच द्यायचं, अशी अट त्यात होती. विमानवाहू जहाजं तर येऊ घातलेली, पण वैमानिक सगळे तरुण आणि कनिष्ठ. मग पन्नाशीच्या घरातले कॅप्टन पेन्साकोलाच्या नौदल विमानशाळेत उड्डाण शिकायला गेले. दुसऱ्या महायुद्धातले प्रसिद्ध सेनानी किंग आणि हॅल्सी त्यातलेच. स्ल्यूने १९३६ मध्ये बावन्नाव्या वर्षी वैमानिकाचा ‘पंख’ बिल्ला मिळवला आणि १९३७ मध्ये ‘रेंजर’ या विमानवाहू जहाजाची कमान घेतली. त्यामुळे त्याला ‘नौदलातला जुना वैमानिक’ म्हणणं चूक आहे. आयुष्यभर वैमानिक राहिलेले अधिकारी अशा उशिरा आलेल्यांकडे जरा आकसानेच पाहत.

१९४२ मध्ये तो दक्षिण पॅसिफिकमधल्या जमिनीवरून उडणाऱ्या सगळ्या विमानांचा प्रमुख होता. ग्वादालकॅनाल बेटावरच्या हवाई लढाईला लागणारी विमानं, इंधन आणि वैमानिक पुढे सरकवणं हे त्याचं मोठं काम. पण ८ ऑगस्टला जपानी क्रूझर ज्या खाडीतून येऊ शकत होत्या तिथे जादा टेहळणी करावी, अशी बेटावर सैन्य उतरवणाऱ्या ताफ्याचे प्रमुख टर्नर यांनी केलेली विनंती पार पडली नाही, आणि ती पार पडली नाही हे टर्नरना कळलंही नाही. त्या रात्री साव्हो बेटापाशी दोस्तांच्या चार क्रूझर बुडाल्या (तीन अमेरिकी, एक ऑस्ट्रेलियन) आणि हजारावर माणसं गेली. एकट्या स्ल्यूचा हा दोष नाही, कारण इतरही विमानांनी जपानी ताफा पाहिला होता आणि अहवाल उशिरा आणि चुकीचे पोचले. तरी साखळीतला एक दुवा त्याच्याकडे होता. यानंतर त्याला वॉशिंग्टनला नौदलाच्या विमानखात्याचा प्रमुख केलं. हा कारखाने, प्रशिक्षण आणि बजेट सांभाळणारा कारभार होता.

१९४४ मध्ये तो पुन्हा समुद्रावर आला. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: टास्क फोर्स ३८ आणि टास्क फोर्स ५८ हे दोन वेगळे ताफे नव्हते. जहाजं तीच असायची. हॅल्सीकडे कमान असली की त्याला तिसरा ताफा आणि ३८, स्प्रुअन्सकडे असली की पाचवा ताफा आणि ५८ म्हणत. स्ल्यूने ३० ऑक्टोबर १९४४ पासून हॅल्सीच्या हाताखाली ३८ चालवला. त्याआधी फिलिपिन्समधल्या लेटेच्या लढाईत त्याच्याकडे या ताफ्याचा एक गट होता आणि तो रसद भरायला उलिथीच्या तळाकडे निघाला होता. मागे राहिलेल्या छोट्या विमानवाहू जहाजांच्या मदतीच्या हाका ऐकून तो माघारी वळला आणि फार लांबूनच विमानं सोडली. अंतर इतकं होतं की जादा इंधनामुळे टॉर्पेडोंचं वजन झेपेना, म्हणून बॉम्ब लावले, आणि त्यामुळे जपानी जहाजांचं नुकसान मर्यादित झालं.

त्याची खरी छाप पडली ती आत्मघाती विमानांविरुद्धच्या बचावावर. याचा आराखडा बराचसा त्याचा ऑपरेशन्स अधिकारी जॉन थॅच याचा. तीन गोष्टी केल्या गेल्या. मोठ्या विमानवाहू जहाजावर लढाऊ विमानं ५४ वरून ७३ केली आणि तेवढ्या जागेसाठी डाइव्ह-बॉम्बर आणि टॉर्पेडो विमानं प्रत्येकी १५ वर आणली. ताफ्यापासून सुमारे ६० मैल पुढे रडार असलेल्या विनाशिका उभ्या केल्या. हल्ल्याहून परतणाऱ्या प्रत्येक विमानाने त्यांच्यावरून ठरलेल्या पद्धतीने वळून जायचं, म्हणजे त्यांच्या शेपटीला लागून आलेला शत्रू तिथेच उघडा पडायचा. आणि शत्रूच्या विमानतळांवर अहोरात्र, पाळ्या लावून लढाऊ विमानं फिरती ठेवायची, म्हणजे आत्मघाती विमान उडायच्या आधीच अडकेल. १४ ते १६ डिसेंबर १९४४ ला फिलिपिन्सच्या मिंडोरो बेटावर सैन्य उतरवताना शेजारच्या लुझोन बेटावरच्या जपानी तळांवर हे ‘निळं पांघरूण’ घातलं गेलं. माझ्या मते स्ल्यूच्या नावावर एकच गोष्ट लिहायची असेल तर ही लिहावी. पदकांपेक्षा तिचं मोल जास्त आहे.

आणि लगेच दोन दिवसांनी, १८ डिसेंबरला, ताफा चक्रीवादळात सापडला. हल, स्पेन्स आणि मोनाघन या तीन विनाशिका उलटल्या आणि सुमारे ७९० माणसं गेली. कारण समजून घेण्यासारखं आहे. विनाशिकांच्या टाक्या रिकाम्या होत आल्या होत्या. स्पेन्समध्ये जेमतेम १५ टक्के इंधन होतं. रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून जहाज जड आणि स्थिर करता येतं, पण आता इंधन मिळेल या आशेने ते भरायला उशीर झाला, कारण भरलेलं पाणी पुन्हा उपसायला तास जातात. वर वाढवलेल्या तोफा आणि रडारांमुळे जुन्या विनाशिका आधीच डोकंजड झाल्या होत्या. मुख्य ठपका हॅल्सीवर आला. जून १९४५ मध्ये पुन्हा तसंच झालं. ‘पिट्सबर्ग’ क्रूझरचा पुढचा भाग तुटून गेला. त्या वेळच्या चौकशीत स्ल्यूवरही ठपका आला: मार्ग बदलायची परवानगी मागणाऱ्या गटप्रमुखाला त्याने सुमारे २० मिनिटं उत्तर दिलं नाही. त्याची बदली ठरली. २ सप्टेंबर १९४५ ला तो ‘मिसुरी’ या युद्धनौकेवर झालेल्या जपानच्या शरणागतीला हजर होता. चार दिवसांनी कोरोनाडोच्या घरी हृदयविकाराने गेला. वय ६१.

तो मेला तेव्हा व्हाइस अ‍ॅडमिरल, म्हणजे तीन तारे. चौथा तारा १९४९ मध्ये मरणोत्तर मिळाला. ‘अमेरिकी नौदलातली चार ताऱ्यांची पहिली पिता-पुत्र जोडी’ हे वाक्य खरं आहे, पण ही तळटीप सोबत नसेल तर अर्धंच खरं आहे.

जॅकला वैमानिक व्हायचं होतं. वैद्यकीय तपासणीत अडकला आणि पाणबुड्यांकडे गेला. १९३३ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआनाला पळून जाऊन त्याने रॉबर्टा राइटशी लग्न केलं. त्या २०२० मध्ये १०८ व्या वर्षी वारल्या, आणि या कुटुंबाचे राजकीय संबंध जपण्यात त्यांचा वाटा कुठल्याही अ‍ॅडमिरलाइतका होता. युद्धात जॅक ‘गनेल’ पाणबुडीचा कमांडर. नोव्हेंबर १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या स्वारीआधी मोरोक्कोतल्या फेदालाच्या किनाऱ्याचे पेरिस्कोपमधून फोटो काढणं आणि उतरणाऱ्या ताफ्याला दिवा दाखवणं, हे तिचं काम. तिची डिझेल इंजिनं एचओआर जातीची होती आणि ती जात नौदलात बदनाम होती. परतीच्या वाटेवर त्यांची चालनचक्रं निकामी झाली आणि छोट्या सहायक इंजिनावर रखडत बंदर गाठावं लागलं. पुढे पॅसिफिकमध्ये १९४३ च्या गस्तीत जहाजं बुडवली, विनाशिकांनी पाण्यात टाकलेल्या स्फोटकांखाली लांबलचक तास काढले आणि सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळवलं. म्हणजे लढाऊ अधिकारी म्हणून चोख. पण असे चोख पाणबुडी कमांडर कितीतरी होते आणि चार तारे त्यांतल्या थोड्यांनाच मिळाले.

इथे दुसऱ्या अर्ध्या उत्तराकडे येतो. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅककडे नौदलाच्या काँग्रेसशी (म्हणजे अमेरिकी संसदेशी) संपर्क ठेवणाऱ्या कार्यालयाची जबाबदारी आली आणि नंतर, १९६२-६३ मध्ये, माहिती विभागाची. संपर्क कार्यालयाचं काम बाहेरून किरकोळ वाटतं: खासदारांच्या पत्रांना उत्तरं, त्यांच्या परदेश दौऱ्यांची सोय, सुनावणीआधी कागद पुरवणं. प्रत्यक्षात जहाजांना पैसे देणाऱ्या माणसांशी रोज बोलणारा नौदलातला अधिकारी म्हणजे हाच. जॅक ‘सागरी सत्ता’ या विषयावर नकाशे आणि पॉइंटर घेऊन इतकी व्याख्यानं देई की त्याला ‘मिस्टर सीपॉवर’ म्हणायला लागले. घरी रॉबर्टांच्या पंगतीला खासदार असायचे. एव्हरेट डर्कसन यांच्यासारखे मित्र त्याला सेनेटमध्ये मिळाले. बढतीच्या यादीत असलेल्या इतर अधिकाऱ्यांकडे हे भांडवल नव्हतं. तेव्हा वशिला होता का? होता, पण बापाच्या आडनावाचा कमी आणि स्वतः कमावलेल्या ओळखींचा जास्त. कनिष्ठ वयात आडनावाने दारं उघडली असतील, पण १९४५ नंतर स्ल्यू शब्द टाकायला हयातच नव्हता.

१९६५ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या अमेरिकी हस्तक्षेपात जॅक किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या नौदल दलाचा प्रमुख होता. मे १९६७ मध्ये चार तारे आणि युरोपातल्या नौदलाची कमान. महिन्याभरातच, ८ जूनला, इस्रायलच्या हल्ल्यात ‘लिबर्टी’ या अमेरिकी हेरजहाजावर ३४ जण ठार झाले. चौकशी न्यायालय नेमलं ते जॅकने. ती चौकशी फार घाईत उरकली, हा आक्षेप आजही घेतला जातो, आणि कागद पाहता तो निराधार नाही. जुलै १९६८ मध्ये तो पॅसिफिकचा सरसेनापती झाला आणि व्हिएतनाममधलं अमेरिकी सैन्यही त्याच्या कमानीखाली आलं. त्याचा मुलगा तेव्हा हनोईच्या तुरुंगात होता.

जॉनच्या बाबतीत चार चुका सतत दिसतात, म्हणून त्या क्रमानेच घेतो.

फॉरेस्टल. २९ जुलै १९६७ ला या विमानवाहू जहाजावर आग लागून १३४ जण मेले. ‘मॅकेनने इंजिन चुकीचं पेटवलं’ ही अफवा आहे. विजेच्या झटक्याने एका फँटम विमानावरचं झुनी रॉकेट सुटलं आणि समोरच्या ए-४ विमानाच्या इंधनटाकीला लागलं. ते विमान जॉनचं की त्याच्या शेजारचं, यावर मतं वेगळी आहेत, पण रॉकेट दुसऱ्याच विमानाचं होतं यावर वाद नाही. मृतांचा आकडा वाढला तो जुन्या बॉम्बमुळे. नव्या बॉम्बचा तुटवडा होता, म्हणून जुने हजार पौंडी बॉम्ब चढवले होते. आगीत ते दीड मिनिटातच फुटले आणि पहिल्या स्फोटात आग विझवणारं प्रशिक्षित पथकच गेलं.

कैद. २६ ऑक्टोबर १९६७ ला, तेविसाव्या मोहिमेत, तो हनोईवर पाडला गेला आणि त्रुक बाक तळ्यात पडला. दोन्ही हात आणि एक पाय मोडले. सुटका १४ मार्च १९७३. ‘साडेपाच वर्षं’ हे रूढ झालं आहे, पण मोजलं तर पाच वर्षं साडेचार महिने होतात.

लवकर सुटकेचा देकार. १९६८ च्या मध्यावर, बाप सरसेनापती होत असतानाच, तो आला. त्याने नाकारला. याला व्यक्तिगत शौर्य म्हणा, पण त्यामागे लिखित नियमही होता. १९५५ मध्ये आयसेनहॉवरनी काढलेल्या आचारसंहितेत शत्रूकडून सुटकेची खास सवलत घेऊ नये असं कलम आहे, आणि कैद्यांनी त्याचा अर्थ ‘आधी पकडला तो आधी सुटेल’ असा लावला होता. अ‍ॅडमिरलाचा मुलगा आधी सुटला असता तर बाकीच्यांना ‘बड्यांची मुलं सुटतात’ असं दाखवता आलं असतं. नकारानंतर मारहाण वाढली आणि ऑगस्टमध्ये त्याने एका कबुलीजबाबावर सही केली. ही सही त्याने स्वतः कधी लपवली नाही, तेव्हा चरित्र लिहिणाऱ्यानेही लपवू नये. त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं हेही खरं नाही. सिल्व्हर स्टार मिळालं.

चौथी चूक बापाबद्दलची. ‘नाताळातली बॉम्बफेक जॅकने केली, मुलगा खाली असताना’ हे वाक्य नाट्यमय आहे, पण ती बॉम्बफेक डिसेंबर १९७२ ची आणि जॅकने कमान सोडली सप्टेंबर १९७२ मध्ये. त्या वर्षी एप्रिलपासून सुरू झालेल्या हनोई-हायफाँगवरच्या हल्ल्यांच्या वेळी मात्र तो पदावर होता. तेवढंच लिहा, ते पुरेसं आहे.

सुटकेनंतर जॉनचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. उड्डाणाची परवानगी त्याने मिळवली आणि जॅक्सनव्हिल भागात एका प्रशिक्षण स्क्वॉड्रनची कमानही सांभाळली, पण मोठ्या जहाजाची कमान त्या शरीराला मिळण्यासारखी नव्हती, आणि तिच्याविना चार तारे नाहीत. १९७७ मध्ये त्याची नेमणूक झाली नौदलाच्या सेनेट-संपर्क कार्यालयात. बापाने जे काम केलं तेच, फक्त सेनेटच्या बाजूने. या घराण्याचं वर्दीकडून राजकारणाकडे वळणं मला याच खोलीत दिसतं. हनोईच्या कोठडीने त्याला प्रसिद्धी दिली, पण कायदा कसा होतो, कुठल्या समितीत कुठला माणूस अडतो, हे त्याला इथे कळलं. टेक्सासचे सेनेटर जॉन टॉवर इथे त्याचे गुरू झाले, विल्यम कोहेन आणि गॅरी हार्ट मित्र झाले. त्या काळात अध्यक्ष कार्टर यांना आणखी एक अणुशक्तीचं विमानवाहू जहाज नको होतं. १९७८ मध्ये त्यांनी त्यासाठी संरक्षण विधेयकावर नकाराधिकारही वापरला. पुढच्या वर्षी जहाज मंजूर झालंच, आणि ते आज ‘थिओडोर रूझवेल्ट’ म्हणून चालतं. त्यामागच्या खटपटीत या संपर्क कार्यालयाचा हात होता. वर्दीतल्या अधिकाऱ्याने आपल्याच सरसेनापतीच्या, म्हणजे अध्यक्षांच्या, धोरणाविरुद्ध पडद्याआड काम करावं का, हा प्रश्न चरित्रकार हलकेच ओलांडतात. तो ओलांडू नये.

निवडणुकीचं गणित वेगळं होतं. १९८० मध्ये त्याने ॲरिझोनाच्या सिंडी हेन्सली यांच्याशी दुसरं लग्न केलं. सासऱ्यांचा बिअर वितरणाचा मोठा व्यवसाय होता. तिथे नोकरी, ओळखी आणि पैसा मिळाला. १९८२ मध्ये काँग्रेसमन जॉन ऱ्होड्स निवृत्त होत होते, ती जागा त्याने घेतली. ‘उपरा’ या आरोपावर त्याने दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: आपण सर्वांत जास्त काळ एका जागी राहिलो ते हनोईत, अशा आशयाचं. १९८६ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांची सेनेटची जागा. मग १९८९ चं कीटिंग प्रकरण: बुडालेल्या बँकेच्या मालकासाठी नियामकांना भेटलेल्या पाच सेनेटरांत तो होता. १९९१ मध्ये नीतिसमितीने ‘निर्णयातली चूक’ एवढ्यावर सोडलं. निवडणुकीतल्या पैशावर मर्यादा घालणारा २००२ चा मॅकेन-फाइनगोल्ड कायदा या चटक्यानंतर आला, हा क्रम लेखात दिसला पाहिजे.

कैदेशी थेट जोडलेल्या दोनच गोष्टी आहेत, आणि माझ्या मते त्याच त्याच्या राजकारणातल्या सर्वांत भक्कम. जॉन केरी यांच्यासोबत बेपत्ता सैनिकांच्या समितीत काम करून त्याने व्हिएतनामशी संबंध पूर्ववत व्हायला वाट करून दिली: १९९४ मध्ये व्यापारबंदी उठली, १९९५ मध्ये राजनैतिक संबंध आले. आणि २००५ मध्ये कैद्यांच्या छळावर बंदी घालणारी दुरुस्ती, जी सेनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर केली. २००८ ची अध्यक्षपदाची निवडणूक तो ओबामांकडून ३६५ विरुद्ध १७३ अशी हरला. त्यावर पुरेसं लिहून झालंय.

भारताचा संबंध शोधत असाल तर भाषणांत नव्हे, संरक्षण अधिकार कायद्यांत शोधा. २०१५ पासून तो सेनेटच्या सशस्त्र सेवा समितीचा अध्यक्ष होता. डिसेंबर २०१६ मध्ये सही झालेल्या कायद्याच्या कलम १२९२ ने भारताला ‘प्रमुख संरक्षण भागीदार’ हा दर्जा कायद्यात आणला. ऑगस्ट २०१८ च्या कायद्याला तर त्याचंच नाव दिलं होतं, आणि त्यात रशियाकडून शस्त्रं घेणाऱ्यांवरच्या निर्बंधांतून सूट देण्याची अट सैल झाली. एस-४०० ही रशियन हवाई बचाव यंत्रणा घेणाऱ्या भारतासाठी हे महत्त्वाचं होतं. त्याच महिन्यात, २५ ऑगस्टला, तो वारला आणि अ‍ॅनापोलिसच्या दफनभूमीत पुरला गेला.

‘जॉन एस. मॅकेन’ नावाची जहाजं दोन झाली. १९५३ चं फक्त स्ल्यूच्या नावाचं. सध्याची विनाशिका १९९४ ची, आधी आजोबा आणि वडील दोघांच्या नावाची, आणि जुलै २०१८ पासून तिघांच्या. नोव्हेंबर २०२० च्या मलबार या संयुक्त नौदल सरावाच्या पहिल्या टप्प्यात ती बंगालच्या उपसागरात आली होती. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ ती एका तेलवाहू जहाजाला धडकली आणि दहा खलाशी गेले. कारण अगदी तांत्रिक होतं. सुकाणू आणि वेग ही दोन कामं दोन टेबलांवर वाटताना चुकून सुकाणूही दुसऱ्या टेबलावर गेलं. खलाशाला वाटलं, सुकाणूच गेलं. वेग कमी करताना दोन्ही पंख्यांचे नियंत्रक एकत्र जोडलेले नव्हते, म्हणून फक्त डावा मंदावला आणि जहाज डावीकडे, थेट दुसऱ्याच्या वाटेत वळलं. यानंतर नौदलाने टचस्क्रीनऐवजी पुन्हा हाताने ढकलायचे लिव्हर बसवायचं ठरवलं. जहाजांवरच्या प्रशिक्षणाच्या सुधारणा २०१८ च्या त्याच कायद्यात घालण्यात सेनेटर मॅकेन पुढे होते.

चौथ्या पिढीत एक मुलगा अ‍ॅनापोलिसमधून २००९ मध्ये बाहेर पडून हेलिकॉप्टर वैमानिक झाला. दुसरा अधिकारी न होता साधा मरीन म्हणून भरती झाला आणि इराकला गेला. वडील युद्धाचे समर्थक असताना हे घडलं, म्हणून त्याची नोंद हवी. सिंडी मॅकेन २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या कार्यकारी संचालक झाल्या.

लेखासाठी मूळ कागद हवे असतील तर असं करा. सेवापुस्तिका सेंट लुईसच्या राष्ट्रीय कर्मचारी अभिलेख केंद्रात असतात. सेवा संपून ६२ वर्षं झाली की कुणालाही पाहता येतात, म्हणजे स्ल्यूची खुली आहे. नामांकित व्यक्तींसाठी वेगळा नियम आहे, मृत्यूनंतर दहा वर्षं. त्या हिशेबाने सेनेटरांची पूर्ण फाइल २०२८ आधी मिळायची नाही. तोवर माहिती अधिकाराच्या अमेरिकी कायद्याखाली हुद्दे, तारखा, नेमणुका आणि पदकं एवढंच मिळतं, आणि बहुतेक लेखांना तेवढं पुरतं. अर्जाचा नमुना एसएफ-१८०. त्यात ‘मॅकेन’ एवढंच लिहू नका. पूर्ण नाव, सीनियर-ज्युनियर-तिसरा यांपैकी काय ते आणि जन्मतारीख द्या, नाहीतर भलत्याच पिढीची फाइल येईल. ‘गनेल’चे गस्त-अहवाल आणि टास्क फोर्स ३८ चे लढाईचे अहवाल कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बढतीचा क्रम तपासायचा असेल तर नौदलाचं त्या काळी दरवर्षी छापलं जाणारं अधिकाऱ्यांचं रजिस्टर पाहा. अकादमीतल्या क्रमांकावरून मागे पडलेला माणूस नेमक्या कुठल्या वर्षी पुढे सरकला, ते त्यात ओळीने दिसतं.